गाभुळलेल्या चिंचेचा रकाना

एका जंगलात अजून डांबरी रस्ता पोचला नव्हता, पण छापील अर्ज पोचले होते. त्या जंगलातली ही गोष्ट आहे, मुलांनो. मांडी घालून बसा. मांडी दुखली तर पाय पसरा, पण मधे बोलू नका. मधे कुणी बोललं की मी कुठवर आले होते, ते विसरते.

तर त्या जंगलात ओढ्याच्या काठी चिंचेचं एक झाड होतं. झाड एवढं मोठं, की खालच्या फांद्यांवर संध्याकाळ झाली तरी शेंड्यावर अजून ऊन असायचं.

त्या झाडावर धुरपा नावाची एक वानरी राहायची. फार म्हातारी नाही, फार तरुण नाही. तोंड काळं, शेपूट लांब, स्वभाव गरीब. सगळं जंगल तिला मावशी म्हणायचं. तिला एकच गोष्ट चांगली यायची. पण ती इतकी चांगली यायची, की तिला काही येतं हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तिला चिंच कळायची.

तुम्ही म्हणाल, चिंचेत काय कळायचं असतं? खूप असतं. आंबा पिकला की रंग बदलतो, वास सोडतो, सगळ्या गावाला सांगत सुटतो. पेरूही पिवळा होतो. चिंच मात्र आतल्या गाठीची. बाहेरून आज जशी दिसते, तशीच उद्याही दिसते. आत काय चाललंय त्याचा पत्ता लागू देत नाही.

मावशी ती अंगठ्याने दाबायची. टरफल गराला घट्ट चिकटलेलं असलं, दाबून जराही हललं नाही, तर ती कच्ची. दाबताच टरफलाचा चुरा झाला आणि आत गडद, चिकट गर लागला, तर ती पिकलेली. आणि या दोघींच्या मधे आणखी एक असते. तिचं टरफल गरापासून नुकतंच सुटलेलं असतं. दाबलं तर जरासं दबतं, कट् असा बारीक आवाज करतं. आतला गर धड हिरवा नाही, धड तपकिरी नाही. दातांना थोडा लागतो, जिभेवर थोडा विरघळतो. आंबट म्हणावा तर मागून गोड, गोड म्हणावा तर पुढून आंबट.

तिला गाभुळलेली चिंच म्हणतात. तिच्यासाठी दुसरा शब्द नाही. मी खूप शोधला.

दाबूनही शंका राहिली, तर मावशी एक तुकडा जिभेवर ठेवायची. कच्ची चिंच खाल्ली की दोन्ही डोळे मिटतात. पिकलेली खाल्ली की एकही मिटत नाही. गाभुळलेली खाल्ली की एकच मिटतो, डावा. मावशीच्या आईचा नियम होता हा, आणि तो कधी चुकला नव्हता.

मावशी वरून चिंचा टाकायची आणि खाली हरणं त्या खायची. ज्याला जशी हवी, तशी. कुणी आभार मानायचं नाही आणि तिलाही त्याचं काही वाटायचं नाही.

पण एका वर्षी थंडीच्या दिवसांत एक अस्वल झाडाखाली आलं.

"मावशी, झाली का चिंच?"

"अजून पंधरा दिवस, अस्वलदादा."

"पंधरा दिवसांनी मी असेन, नसेन."

"असशील. गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

अस्वलाला राग आला. ते मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, हाताला लागली ती फांदी वाकवली आणि पसाभर कच्ची चिंच कचाकचा खाल्ली. मग व्हायचं तेच झालं. त्याचे सगळे दात आंबले. पुढचे दोन दिवस त्याला मऊ वाळवीसुद्धा चावता येईना. तिसऱ्या दिवशी जबडा धरून ते थेट दरबारात गेलं.

जंगलाचा राजा वाघ होता. वाघ चिंच खात नसे. त्यामुळे चिंचेच्या बाबतीत तो अगदी निःपक्षपाती होता.

"चिंच कधी खायची, हे तिथे कोण ठरवतं?" वाघाने विचारलं.

"धुरपा मावशी," अस्वल म्हणालं.

"तिला नेमलं कुणी?"

कुणालाच आठवेना.

"ती ठरवते कशावरून?"

"अंगठ्यावरून, महाराज. आणि जिभेवरून."

दरबार हसला. वाघ हसला नाही. "म्हणजे एवढं मोठं झाड एका अंगठ्यावर चाललंय!" तो म्हणाला. "आजपासून त्याला अधिकारी नेमा."

अधिकारी म्हणून साळिंदराची निवड झाली. त्याच्या पाठीवर शेकडो लेखण्या होत्या. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा विचारच झाला नाही. सगळे त्याला भाऊसाहेब म्हणू लागले.

भाऊसाहेबांनी जांभळीखालच्या सपाट दगडावर कार्यालय थाटलं. एक वही केली आणि तिच्या पानावर मधोमध एक उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'कच्ची'. उजवीकडे लिहिलं, 'पिकलेली'. कच्ची तोडायची नाही. पिकलेली तोडायची, पण परवाना घेऊन. आणि विनापरवाना चिंच ज्याच्या तोंडात सापडेल, त्याला ओढ्यापलीकडच्या माळावर हाकलून द्यायचं. त्या माळावर कोळसुंद्यांची टोळी फिरायची. ते म्हणजे रानकुत्रे. तिथे गेलेलं कुणी परत आलेलं नव्हतं.

झाडाखाली दोन रानडुकरं पहाऱ्याला बसली.

चव बघायला एक तज्ज्ञही नेमला. तो म्हणजे तळ्यातला कासवतात्या. त्याला दातच नव्हते, त्यामुळे ते आंबण्याची भीती नव्हती. हीच त्याची पात्रता.

भाऊसाहेब वाईट नव्हते, मुलांनो. वाईट असते तर गोष्ट सोपी झाली असती.

आता त्याच दिवसांत शेवंती नावाची एक हरिणी होती. तिच्या पोटात पाडस होतं, पहिलंच. आणि तिला काही म्हणजे काही खावंसं वाटेना. कोवळं गवत तोंडात घेतलं की उमळून यायचं. पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. तिच्या फासळ्या मोजता येतील इतकी ती वाळली.

एका सकाळी ती झाडाखाली येऊन मान वर करून उभी राहिली.

"मावशी, काहीतरी दे ना गं."

"काय देऊ, बाळा?"

"आंबट असेल, पण बोचणार नाही असं. गोड असेल, पण चिकट लागणार नाही असं. मला नाव नाही सांगता येत. पण रात्रंदिवस तेच आठवतं."

मावशी खुदकन हसली. "अगं वेडे, त्याला गाभुळलेली चिंच म्हणतात. हे बघ, सगळं झाड गाभुळलंय." आणि सवयीने तिने हात लांबवला.

खालून एक रानडुक्कर गुरगुरलं. मावशीने हात मागे घेतला.

मावशीला स्वतःची भीती नव्हती. पण चिंच शेवंतीच्या तोंडात सापडली असती आणि माळावर शेवंती गेली असती. रानडुकरांकडे गेल्या वर्षीची पिकलेली चिंच होती, आता परवाना काढलेली. त्यांनी ती तिला दिली. शेवंतीने हुंगली आणि तोंड फिरवलं.

चिंचेचं गाभुळलेपण जेमतेम दोन आठवडे टिकतं. त्यातला एक दिवस सरला होता. मावशी झाडावरून उतरली आणि कार्यालयात गेली.

"काय हवंय?" भाऊसाहेबांनी वर न बघता विचारलं.

"चिंचेची एक फांदी. शेवंतीसाठी. पोटुशी आहे हो. पोटात अन्न ठरत नाही तिच्या."

"अरेरे," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी एक छापील अर्ज पुढे ओढला आणि पाठीवरची एक लेखणी उपसली. "कच्ची की पिकलेली?"

"गाभुळलेली."

लेखणी थांबली.

"धुरपाबाई, मी विचारलं, कच्ची की पिकलेली?"

"मी तेच तर सांगते. कच्चीही नाही, पिकलेलीही नाही. गाभुळलेली."

"म्हणजे अर्धी कच्ची?"

"छे! अर्धी कच्ची म्हणजे कच्चीच की."

"मग थोडी पिकलेली?"

"थोडी पिकलेली ती पिकलेलीच. ही वेगळी असते."

"वेगळी म्हणजे किती वेगळी? रेघेच्या अलीकडे की पलीकडे?"

मावशीने वहीत डोकावून बघितलं. "रेघेवर," ती म्हणाली.

"रेघेवर लिहिता येत नाही, बाई. रेघ पुसते."

"भाऊसाहेब, ही रेघ तुम्ही गेल्या आठवड्यात मारलीत. चिंच तर हा ओढा नव्हता तेव्हापासून गाभुळतेय."

"असेल," भाऊसाहेब म्हणाले. "पण ओढ्याची तरी आमच्याकडे कुठे नोंद आहे?"

तरी त्यांनी अर्ज फेकून दिला नाही. त्यावर लिहिलं, 'तज्ज्ञांच्या पाहणीसाठी'. आणि कासवतात्यांना निरोप धाडला.

कासवतात्या त्याच दिवशी निघाले. तळं ते चिंच, वानराच्या वीस उड्या. तात्यांना सहा दिवस लागले.

मावशी रोज वाटेत जाऊन बघायची.

"तात्या, जरा भरभर चला हो. पोर झुरतेय तिकडे."

"घाईत चव कळत नाही, बाई."

"मी उचलून नेते ना तुम्हाला. अलगद नेते."

तात्यांनी मान आत घेतली आणि आतूनच म्हणाले, "सरकारी कामावर असलेल्याला उचलणं म्हणजे दबाव आणणं. मी तुमचं नाव सांगू का भाऊसाहेबांना?"

मावशी मागे सरली.

सातव्या दिवशी तात्या झाडाखाली पोचले. रानडुकराने एक चिंच फोडून त्यांच्यापुढे ठेवली. तात्यांनी ती हिरड्यांनी खूप वेळ चघळली. त्यांचे डोळे मुळातच अर्धे मिटलेले, त्यामुळे त्यांतून कुणालाच काही कळेना. शेवटी ते म्हणाले, "आत्ताच काही बोलणं घाईचं होईल. मी आठ-दहा दिवसांनी पुन्हा येतो."

तात्यांचा निकाल आजवर कधीच चुकला नव्हता. ते दुसऱ्यांदा येईपर्यंत प्रत्येक फळ पिकलेलंच असायचं.

त्या दिवशी शेवंती झाडापर्यंत आली नाही. ती ओढ्याकाठच्या सावलीत बसून होती. मावशीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि सरळ दरबाराची वाट धरली. ती आयुष्यात कधी दरबारात गेली नव्हती.

वाघ सिंहासनावर बसला होता. शेजारी वाघीण होती, तिला सगळे राणीसाहेब म्हणत. भाऊसाहेबही वही घेऊन हजर होते. मावशीने हात जोडले आणि सगळं सांगितलं. शेवंतीचं सांगितलं, रेघेचं सांगितलं, तात्यांचंही सांगितलं.

"कच्ची आणि पिकलेलीच्या मधे काहीतरी असतं, असं तुझं म्हणणं?" वाघाने विचारलं.

"असतं, महाराज. खाऊन दाखवू का?"

वाघाने एक चिंच मागवली. मावशीने ती अंगठ्याने दाबली. कट् असा आवाज झाला. तिने टरफल काढलं, एक तुकडा जिभेवर ठेवला आणि मान वर केली.

चिंच अगदी भरात होती. मावशीचा डावा डोळा गच्च मिटला.

वाघ नेमका समोर होता.

राणीसाहेबांची शेपटी हलायची थांबली.

"हिने आत्ता काय केलं?" राणीसाहेबांनी विचारलं.

सगळे खाली बघू लागले.

"मी विचारतेय, आमच्या साहेबांकडे बघून हिने आत्ता काय केलं?"

"डोळा मारला, राणीसाहेब," अस्वल म्हणालं. त्याचे दात आता बरे झाले होते.

"अगं बाई!" मावशीने तोंडावर हात ठेवला. "मी कशाला मारू डोळा? या वयात? आणि मारायचाच तर इतक्या लांबून येऊन वाघाला मारीन का? अहो, चिंचेचा गुण आहे तो. खोटं वाटत असेल तर भाऊसाहेबांना खाऊ घाला."

भाऊसाहेब नको नको म्हणत होते. पण वाघाने मान हलवली आणि त्यांना तुकडा तोंडात घालावा लागला. त्यांनी तो चावला. त्यांनी खूप प्रयत्न केला. पण डावा डोळा मिटलाच, आणि त्या वेळी उघडा राहिलेला उजवा डोळा राणीसाहेबांवर होता.

आता वाघ गुरगुरला.

"तिसरं कुणी खाणार नाही!" तो गरजला. "ज्या फळाने वानरी राजाला डोळा मारते आणि अधिकारी राणीला, ते फळ आमच्या राज्यात नाही!"

"आहे, महाराज," मावशी हळूच म्हणाली. "झाडाला लागलंय."

"नाही! देवाने दोन डोळे दिलेत, दोन कान दिलेत. रकानेही दोन पुरेत. दरबार संपला."

सगळे पांगले. मावशी एकटीच पायवाटेने निघाली. मागून काटे वाजले. भाऊसाहेब घाईघाईने येत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मावशी, छान होती हो."

आज पहिल्यांदाच ते तिला मावशी म्हणाले होते.

"कोण छान होती?"

"तीच." त्यांनी नाव घेतलं नाही. "लहानपणी आई आणायची. विसरलोच होतो मी."

"मग लिहा ना वहीत."

"कुठे लिहू? तुम्ही असं करा, तुम्ही पिकलेली म्हणा. एवढा एकच शब्द. मी उभ्या उभ्या परवाना देतो. तात्यांना विचारायलाही नको. पिकलेलीला पाहणी लागत नाही."

"पण ती पिकलेली नाहीये."

"ते मलाही माहीत आहे. आत्ताच खाल्ली ना मी."

"मग तुम्हीच लिहून टाका पिकलेली."

भाऊसाहेब दुखावले. "मी कसं खोटं लिहू? मी अधिकारी आहे. खोटं अर्जदाराने सांगायचं असतं. आम्ही फक्त नोंद करतो."

मावशीने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला लिहिता येत नाही, भाऊसाहेब. मला दुसरं काहीच येत नाही. कच्चीला कच्ची म्हणायचं, गाभुळलेलीला गाभुळलेली, एवढंच येतं. तेही खोटं केलं तर मी कोण उरले?"

"बघा बुवा," भाऊसाहेब म्हणाले. "तुमचा अर्ज आहे. मी आहे संध्याकाळपर्यंत."

मावशी ओढ्यावर आली. शेवंती तिथेच होती. मावशीला बघून ती उठायला गेली. पुढचे पाय दुमडले आणि ती पुन्हा खाली बसली.

"राहू दे, राहू दे. उठू नकोस."

"मावशी, इथून झाड छान दिसतं गं," शेवंती म्हणाली. "नुसतं बघूनही तोंडाला पाणी सुटतं."

मावशीने तिच्या पोटावर हात ठेवला. ती रोज ठेवायची. आतून रोज एक लहानशी ढुशी यायची.

"आज किती वेळा हललं?"

शेवंतीने मान खाली घातली. "सकाळपासून नाही."

मावशीने हात तसाच ठेवला. एक खंड्या ओढ्यात सूर मारून मासा घेऊन गेला. तो परत येऊन दुसरा मासा घेऊन गेला. हाताखाली काहीच हललं नाही.

मावशी उठली. कार्यालयापर्यंतची वाट ती चालत नव्हती, झाडाझाडांवरून उड्या मारत होती. भाऊसाहेब वही मिटत होते.

"भाऊसाहेब, लिहा."

"काय लिहू?"

"पिकलेली."

"मोठ्याने सांगा. नियम आहे."

"पिकलेली," मावशी मोठ्याने म्हणाली.

भाऊसाहेबांनी उजव्या रकान्यात सुरेख अक्षरात नोंद केली. मग वही पुढे सरकवली. "इथे अंगठा."

मावशीने अंगठा पुढे केला. तोच, ज्याने तिने आजवर हजारो चिंचा दाबल्या होत्या. त्याला शाई लावून तिने तो कागदावर ठेवला. कागदाचा काही आवाज झाला नाही.

त्या संध्याकाळी शेवंतीने चिंच खाल्ली. पहिली खाल्ली तेव्हा तिचा एक डोळा मिटला. दुसरी खाल्ली तेव्हा ती हसली. तिसरी खाल्ली, चौथी खाल्ली. सगळ्या पोटात ठरल्या. मग ती ओढ्याचं घोटभर पाणी प्यायली, आणि थोड्या वेळाने तिने शेजारचं गवत हुंगून दोन पाती तोडली. मावशीचा हात तिच्या पोटावरच होता. अंधार पडायच्या आधी आतून एक ढुशी आली. इतक्या जोराची, की मावशी मागे सरकली.

"मेलं बदमाश!" मावशी म्हणाली आणि रडायला लागली.

गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं. पण नोंद झाली होती ना! झाडाची चिंच पिकली, असं वहीत लिहिलं होतं, आणि खाली खुद्द धुरपा मावशीचा अंगठा होता. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली. सगळं जंगल परवाने घेऊन आलं. दोन दिवसांत झाड झाडून रिकामं झालं.

अस्वलाने वाट्याची चिंच तिथेच खाल्ली आणि त्याचा डावा डोळा मिटला.

"भाऊसाहेब, ही पिकलेलीच ना?"

"नोंद आहे."

"मग माझा डोळाच बिघडला म्हणायचा," अस्वल म्हणालं, आणि डोळ्यात घालायला पाला शोधत निघून गेलं.

बाकीच्यांनी चिंच वर्षभरासाठी गुहेत साठवली. पिकलेली चिंच वर्षभर टिकते. ही महिनाभरात बुरशीने पांढरी झाली. चौकशी झाली. चौकशीत असं निघालं, की चिंच पिकलेलीच होती. बुरशी मात्र कच्ची होती, नियमाप्रमाणे तिने थांबायला हवं होतं. पुढच्या वर्षापर्यंत जंगलात कुणालाही चिंच मिळाली नाही. पण कुणाचे दात आंबले नाहीत, आणि त्यासाठीच तर सगळी व्यवस्था केली होती. वाघ खूश झाला.

त्याने धुरपा मावशीचा सत्कार ठेवला.

आजवर मावशीने हजारो वेळा बरोबर सांगितलं होतं, तेव्हा तिला कुणी साधं पानही दिलं नव्हतं. आता शाल आली, नारळ आला. दरबार भरला. राणीसाहेबही आल्या होत्या. त्या जरा लांब बसल्या होत्या.

"धुरपाबाईंनी आयुष्यभर आपल्या मनाला येईल ते सांगितलं," वाघ भाषणात म्हणाला. "पण अखेर त्या सुधारल्या. पिकलेलीला पिकलेली म्हणायला शिकल्या. त्यांना 'आदर्श पारखी' ही पदवी देताना आम्हाला आनंद होतो."

टाळ्या झाल्या. भाऊसाहेबांनी सगळ्यांत जास्त वाजवल्या. ते पायाकडे बघून वाजवत होते.

"दोन शब्द बोला, धुरपाबाई," वाघ म्हणाला.

मावशी उभी राहिली. तिने सगळीकडे बघितलं. सांगून टाकावं, असं तिला फार वाटलं. तोंडही उघडलं. पण दरबाराच्या अगदी मागे शेवंती उभी होती आणि तिच्या चार पायांच्या मधे आणखी चार बारीक पाय थरथरत होते. वही खोटी ठरली तर परवाना खोटा ठरणार होता. परवाना खोटा ठरला तर माळ होता.

"आभारी आहे," मावशी म्हणाली. हे झाले दोन शब्द. ती खाली बसली.

घरी जाताना शेवंतीने विचारलं, "मावशी, त्या दिवशी तू काय सांगितलंस गं त्यांना?"

"काही नाही. तुझ्या लेकराला झोप आलीय बघ."

पाडस खरंच पेंगत होतं. ओढ्याकाठी दगड गार होते. मावशीने खांद्यावरची शाल काढली, तिची चौपदरी घडी घातली आणि पाडसाच्या खाली सरकवली. जंगलातली तेवढीच एक शाल. चांगली जाड होती.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरंच बोलावं. फक्त बोलण्याआधी त्या खऱ्याला रकाना आहे का, ते विचारून घ्यावं. नसेल, तर त्यातल्या त्यात जवळचं खोटं निवडून मोठ्याने सांगावं आणि खाली अंगठा द्यावा. त्याने एखाद्याचा जीव वाचतो, अधिकाऱ्याला खोटं लिहावं लागत नाही आणि आपल्यालाही लोक सुधारलेलं समजतात.